तोंडाचा मार

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



रोवणी कुणाची आटोपली असेल, कुणाच्या अजून दोन बांध्या बाकी असतील. दिवसभर चिखलात वाकून कंबर धरली असेल, तर भिंतीला पाठ टेकवून ऐका. आज मी धानाचं बोलणार नाही, गटाच्या कर्जाचंही बोलणार नाही. मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका बाईनं मला एक गोष्ट विचारली, तिच्यावर बोलणार आहे. बैठक संपली होती, हप्ते मोजून झाले होते, बाया घरी निघाल्या. ही मात्र सतरंजीची घडी घालत मागं राहिली. मला म्हणाली, "ताई, माझा नवरा दारू पीत नाही. आजपर्यंत त्यानं हात उचलला नाही. मग मला रात्री झोप का येत नाही?"

मी म्हटलं, "बोलतो कसा?"

ती गप्प झाली. सतरंजीची घडी उकलली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "बोलण्याचं काय जी, ते तर सगळेच बोलतात."

हे वाक्य मी गेल्या वीस-बावीस वर्षांत मोहाडीकडच्या बायांकडून ऐकलं, पवनीकडच्या ऐकलं, लाखांदूरकडच्याही ऐकलं. मार खाल्लेली बाई पाठीवरचा वळ दाखवते. तिच्याकडं दाखवायला काहीतरी असतं. तोंडाचा मार खाल्लेली बाई काय दाखवेल? तिचं तिलाच खरं वाटत नाही. बाकीच्या बाया म्हणतात, नशीबवान आहेस, माझा तर लाकडानं झोडपतो. मग ती आणखीच गप्प बसते.

तोंडाचा मार म्हणजे नवराबायकोचं रोजचं भांडण नव्हे, हे आधी सांगते. भांडण घरोघरी होते. भाजी खारट झाली, पोराची फी भरायची राहिली, आवाज चढतो, संध्याकाळी दोघं एका ताटलीतून मुरमुरे खातात. त्यानं कुणी आजारी पडत नाही. मी बोलते आहे ते वेगळं. रोजच्या रोज, एकाच माणसानं दुसऱ्याला खाली पाडत जाणं. चार माणसांत हसं करणं. तुझ्या बापानं काय दिलं, तुझ्या माहेरची रीतच तशी. पोरगीच झाली, पोरगा काही होत नाही. रंगावरून, उंचीवरून. आठ-आठ दिवस अबोला धरणं, समोरून जाताना बाई भिंत असल्यासारखं जाणं. तुला सोडून देईन, पोरं ठेवून घेईन, अशी भीती घालणं. माहेरी फोन करू न देणं. रोजीचे पैसे काढून घेणं आणि मग बांगड्यांसाठी दहा रुपये मागायला लावणं. हे करणारा नवराच असतो असंही नाही. सासू असते, दीर असतो, कधी पोटचा मुलगा असतो. म्हाताऱ्या सासूचं ताट दाराबाहेर सरकवून देणारी सूनही मी पाहिली आहे.

सरकारचा एक मोठा सर्वे होतो, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणतात त्याला. त्यात काही बायांना एकटं बसवून, दुसरं कुणी ऐकत नाही याची खात्री करून, तीन गोष्टी विचारतात. नवऱ्यानं लोकांसमोर तुमचा अपमान केला का? तुम्हाला किंवा तुमच्या जवळच्या माणसाला इजा करण्याची धमकी दिली का? तुम्हाला हिणवून, स्वतःबद्दल वाईट वाटेल असं वागवलं का? २०१९ ते २०२१ च्या सर्वेत देशभरातल्या लग्न झालेल्या शंभरातल्या चौदा बायांनी यातल्या एका तरी गोष्टीला हो म्हटलं. मला विचाराल तर हा आकडा कमी आहे. जिला वाटते "ते तर सगळेच बोलतात", ती हो कशाला म्हणेल?

आता त्या झोपेच्या प्रश्नाकडं येते.

आपल्या अंगात एक राखणदार असतो. साप दिसला की काळीज धडधडते, हातपाय गार पडतात, कान टवकारतात. साप निघून गेला की अंग पुन्हा सैल होते. हे देवानं चांगलंच केलं आहे. पण साप रोज घरातच असला तर? संध्याकाळी सायकलचा आवाज आला, दाराची कडी वाजली, की आज कोणता मूड असेल म्हणून पोटात गोळा येतो. असं दहा वर्षं, पंधरा वर्षं चाललं तर राखणदार झोपतच नाही. रात्री दोन वाजता डोळे टक्क उघडतात. डोकं दुखते, मान आखडते, छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, भूक मेलेली. बाई दवाखान्यात जाते. डॉक्टर रक्त तपासतात, सलाईन लावतात, ताकदीच्या गोळ्या देतात. रिपोर्ट नॉर्मल. घरचे म्हणतात, नाटकं करते.

गोव्यात काही डॉक्टरांनी जवळजवळ अडीच हजार बायांची तपासणी केली होती. अंगावर पांढरं जाते आणि सदा थकवा असतो, ही आपल्या बायांची नेहमीची तक्रार आहे ना? त्यांना असं दिसलं की पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या पुष्कळ बायांना रोगजंतूची लागणच नव्हती. त्या तक्रारीचा संबंध मनावरच्या ताणाशी जास्त लागत होता. याचा अर्थ बाई खोटं बोलते असा नाही. मनाला तोंड नसते, ते अंगाच्या तोंडानं बोलते. तरी पांढरं जात असेल तर आधी तपासून घ्याच, लागण असेल तर औषध लागते. पण तपासणीत काही निघालं नाही तर "घरी कसं चाललं आहे" हे कुणीतरी विचारायला पाहिजे, आणि ते कुणी विचारत नाही.

आता माझं सांगते. हे मी याआधी माईकवर बोलले नाही. माझा मुलगा ऐकत असेल, ऐकू दे.

माझे घरचे जाऊन नऊ वर्षं झाली. गावात भला माणूस म्हणून नाव होतं, आणि ते खोटं नव्हतं. कुणाच्या मयतीला पहिले धावून जात. माझ्यावर कधी हात टाकला नाही. पण मी बोलायला तोंड उघडलं की हसून म्हणत, "तुले का समजते?" पाहुण्यांसमोर, माझ्या भावासमोर, पोरांसमोर. पाहुणेही हसत. मीही हसत असे. बावीस वर्षं हसले.

ते गेल्यावर दीड वर्षानं मी गटाची सचिव झाले. कर्जाच्या कागदावर सही करायला तालुक्याच्या बँकेत गेलो. मला सही येते, सातवी पास आहे मी. टेबलावर कागद ठेवला, पेन हातात घेतला, आणि हात चालेना. कानात तेच वाक्य वाजलं. माणूस जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि मला वाटलं मागं उभे राहून हसत आहेत. मी अध्यक्षबाईला म्हटलं चष्मा विसरली, आणि आम्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. आजही बाजारात मिरची घ्यायची तर मी तीन दुकानं फिरते आणि चौथ्या ठिकाणी सोबतच्या बाईला विचारते, ही बरी आहे ना? भाजीत मीठ टाकलं की तीनदा चाखते. कुणी नाव ठेवायला नाही आता, तरी चाखते.

लोक विचारतात, माणूस गेला, त्रास संपला, मग आता काय? ते बोलणारं तोंड बंद होते, पण तोपर्यंत तेच बोलणं आपण स्वतःशी बोलायला शिकलेलो असतो. डॉक्टर याला वेगवेगळी नावं देतात. उदासीचा आजार म्हणजे डिप्रेशन, चिंतेचा आजार, जुन्या आघाताच्या आठवणी अचानक समोर उभ्या राहणं. मला नावापेक्षा एक गोष्ट महत्त्वाची वाटते. आपला स्वतःवरचा भरवसा जातो. आपण पाहिलं ते खरं का, आपल्याला वाटलं ते खरं का, याचाच भरवसा जातो. बाई मग निर्णय घेत नाही, आणि घरचे म्हणतात, पाहा, म्हटलं होतं ना हिला काही समजत नाही.

कुणाला वाटेल हे आजकालच्या बायांचं नाजूकपण आहे. म्हणून दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बाईचं सांगते. आनंदीबाई जोशी हे नाव तुमच्या पोरींच्या पुस्तकात असते. पाश्चात्त्य वैद्यकीत पदवी घेणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या बायांतली ती. जन्म १८६५ चा, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव जवळजवळ वीस वर्षांनी मोठा. चौदाव्या वर्षी बाळंतपण, बाळ दहा दिवसांत गेलं. गोपाळरावांनीच तिला शिकवलं, जिद्दीनं शिकवलं, साऱ्या समाजाच्या शिव्या खाऊन शिकवलं. १८८३ मध्ये ती अमेरिकेला गेली आणि ११ मार्च १८८६ ला डॉक्टर झाली. इथपर्यंत पुस्तकात असते.

पुस्तकात नसते ते असं. अमेरिकेतून तिनं नवऱ्याला एक पत्र लिहिलं होतं. त्यात तिनं लिहिलं की दहाव्या वर्षी लाकडानं मारणं, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं अंगावर फेकणं आणि सोडून जाण्याची भीती घालणं, चौदाव्या वर्षी आणखी काही विचित्र शिक्षा, हे त्या त्या वयाच्या शरीराला आणि मनाला फार जड होतं. तिच्या आईनंही तिला लहानपणी फार छळलं होतं, कधी प्रेमानं बोलली नाही, असं ती सांगते. आणि त्याच पत्रात ती म्हणते की तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट, हे ठरवणं अवघड आहे. हेतू पाहिला तर बरोबर वाटते, पण पोरीच्या मनावर काय परिणाम होऊ शकतो ते पाहिलं तर चूक होतं असं म्हणावंच लागते.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं. समुद्रापार गेलेली, मोठ्या मोठ्या डॉक्टरांसोबत शिकणारी बाई, आणि सोडून जाण्याची बाराव्या वर्षीची ती भीती तिला इतक्या वर्षांनी आठवते. १८८७ च्या फेब्रुवारीत ती क्षयानं पुण्यात वारली, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. गोपाळराव राक्षस होते असं मी म्हणत नाही, तिनंही म्हटलं नाही. पण "तुझ्या भल्यासाठीच बोलतो" हे वाक्य ऐकलं की मला ते पत्र आठवते. माझेही घरचे भले होते. त्यांच्याबद्दल वाईट वाटून घेतलं तरी मला पाप केल्यासारखं होते. आता दोन्ही गोष्टी मी सोबत ठेवते. माणूस भला होता, आणि त्यानं मला मोडलं.

घरातल्या पोरांचं एक सांगून पुढं जाते. पोरं खाटेखाली, चुलीजवळ बसून सगळं ऐकतात. एखादं अंथरूण ओलं करते, एखाद्याचं शाळेत लक्ष लागत नाही, एखादं फार शहाणं होते, सारखं आईच्या तोंडाकडं पाहते. ते शहाणपणही आजारच आहे.

आता कायद्याचं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारहाण येते तसा शाब्दिक आणि भावनिक छळही येतो. अपमान, टिंगल, शिवीगाळ, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, हे शब्द कायद्यात लिहिलेले आहेत. पैसे अडवणं हाही त्यात छळच आहे. तक्रार केली म्हणून घराबाहेर काढता येत नाही, घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी राहण्याचा हक्क तुमचा आहे. मानसिक त्रासाची भरपाईसुद्धा न्यायाधीश देऊ शकतात. सासू-नणंदेविरुद्धही अर्ज करता येतो, आणि छळ होत असेल तर म्हाताऱ्या आईला मुलाविरुद्धही करता येतो. अर्ज भरायला संरक्षण अधिकारी मदत करतात, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर असते, आणि बाईला उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो, तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं जायचं. महिलांसाठी फोन नंबर १८१. जिवाला धोका असेल तर ११२.

पण खरं सांगू? माझ्याकडं आलेल्या दहा बायांतल्या आठ-नऊ बायांना कोर्टात जायचं नसते. त्यांना घर सोडायचं नसते, नवरा तुरुंगात घालायचा नसतो. त्यांना झोप पाहिजे असते. आपण गटातल्या शहाण्या बाया इथंच चुकतो. एकीकडून म्हणतो सहन कर, सगळ्यांनाच असते. दुसरीकडून म्हणतो सोड त्याला, कर केस. दोन्हीकडून तिला पुन्हा तेच सांगतो की तुला समजत नाही, आम्हाला समजते.

मग करायचं काय? आधी ऐकायचं. मधात आपली कहाणी घालायची नाही, मलाही हे जमायला फार दिवस लागले. "तुला असं वाटणं साहजिक आहे, तुझं चुकलं नाही" एवढं म्हणायचं. आणि तिचं तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्या बाईला सांगायचं नाही. विहिरीवर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या कानावर जाते, आणि मग काय होते ते तुम्हाला माहीत आहे.

आपल्या विदर्भातच, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत असं काम झालं आहे. गावच्याच माणसांना थोडं शिक्षण देऊन, मनाच्या दुखण्याबद्दल घरोघरी बोलायला आणि धीर द्यायला शिकवलं, जास्त त्रास असेल त्याला डॉक्टरांपर्यंत पोहोचवलं. आधी उदासीचा आजार असलेल्या शंभरातली चार माणसं इलाजासाठी जात, नंतर सत्तावीस जाऊ लागली. झिम्बाब्वे नावाच्या आफ्रिकेतल्या देशात तर दवाखान्याबाहेर बाक टाकून गावच्या आज्या बसतात, त्यांना तसं शिक्षण दिलेलं असते, आणि लोक त्यांच्यापाशी मन मोकळं करतात. आपल्याकडं आज्याही आहेत आणि बाकही आहेत.

पण काही दुखणं ऐकून जात नाही. दोन आठवड्यांच्या वर सारखं उदास वाटते, कशातच मन नाही, झोप आणि भूक गेली, आपण कुचकामी आहोत असं वाटते, तर डॉक्टर पाहिजेत. जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजाराचा विभाग असतो. तिथं जाणं म्हणजे नागपूरच्या पागलखान्यात जाणं नव्हे, ही भीती काढून टाका. बोलून करायचा इलाज असतो, गोळ्याही असतात. उदासीच्या गोळ्या झोपेच्या गोळ्या नाहीत. त्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नसतात. कुणी म्हणेल बाहेरचं झालं आहे, बुवाकडं चल. देवाला नारळ फोडायचा तर फोडा, पण गोळी सोडू नका. दवाखान्यापर्यंत जाणं होत नसेल तर १४४१६ हा नंबर लिहून घ्या. टेली मानस म्हणतात. २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येते. पुन्हा सांगते, एक चार चार एक सहा.

आणि एखादी बाई म्हणाली की आता जगण्यात काही अर्थ नाही, तर "असं बोलू नये" म्हणून तिचं तोंड बंद करू नका. सरळ विचारा, जिवाचं काही करावंसं वाटते का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट तिला बोलता येते. तिला एकटी सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध दुसरीकडं कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी तो नंबर लावा किंवा दवाखान्यात न्या. आणि कुणी प्रयत्न करून वाचली असेल, तर पोलीस केस होईल म्हणून दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तिला शिक्षेची नाही, उपचाराची माणूस मानलं आहे.

त्या सतरंजीवाल्या बाईचं विचाराल, तर ती तीनदा आली. तिसऱ्यांदा जास्त बोलली. भंडाऱ्याला डॉक्टरांकडंही जाऊन आली, मी सोबत होते. नवरा तसाच आहे. झोप थोडी येते म्हणते.

शेवटचं माझंच. उन्हाळ्यात मोह वेचून झाले होते, सूनबाई मोबाईलवर गटाचा हिशोब लिहीत होती. मला एक आकडा चुकल्यासारखा वाटला आणि मी हसून म्हणाले, "तुले का समजते?" तिचं बोट मोबाईलवर जागीच थांबलं. ते थांबणं मी ओळखलं, माझाच हात होता तो. आकडा तिचाच बरोबर निघाला, पण तो विषय वेगळा. रात्री मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, बाई, आज माझ्या तोंडून वाईट गेलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही रोजच म्हणता. तुम्हाला आज ऐकू आलं."

मी तिला म्हटलं, यापुढं म्हटलं की तिथंच थांबव मला, पाहुणे असले तरी थांबव. गेल्या आठवड्यात तिनं दोनदा थांबवलं. एकदा तर माझ्या भावासमोर.

येते. नमस्कार.